जुन्या सुपापासून सुरुवात

(वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

भगिनींनो, आणि मागे छपरीत उभ्या असलेल्या दादांनो,

घर सजवण्यासाठी आपल्या हाताने काही करावे असे वाटते, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही, असे गटाच्या अध्यक्षताईंनी मला कळवले, तेव्हा मी त्यांना एकच निरोप पाठवला. बाजारातून काहीही आणू नका. ज्यांच्या घरी झिजलेले, बांबूच्या कामट्या निसटलेले सूप असेल त्यांनी ते घेऊन या. आज माझ्यासमोर अकरा सुपे आणि दोन दुरड्या ठेवलेल्या दिसतात. आपला पहिला धडा त्यांच्यावरच होणार आहे.

असे सांगण्यामागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात असेच प्रशिक्षण झाले. मोती, रंग, गोंद, कापडी फुले, सगळे साहित्य शहरातून खोक्यांत भरून आले होते. चार दिवस बायकांनी फार मन लावून काम केले. पण शिकवणारे गेले, खोकी रिकामी झाली आणि काम थांबले. त्या बायकांच्या हातात काही कमी नव्हते. त्यांना साहित्याची ओळख करून दिली गेली नाही, फक्त त्याचा वापर दाखवला गेला, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून मी नवशिक्या माणसाला नेहमी सांगते की पहिली वस्तू नवी करू नये, मोडलेली वस्तू दुरुस्त करावी. कारण तिचा आकार बांबूकाम करणाऱ्या बुरूड कारागिराने आधीच नेमका बांधून ठेवलेला असतो आणि आपल्याला फक्त ती सारवायचा कागदाचा लगदा कसा वागतो तेवढेच शिकायचे असते.

कागदाच्या लगद्यात मेथी घालून सुपे आणि टोपल्या सारवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुमच्यापैकी अनेकींनी आजीला उखळात लगदा कुटताना पाहिले असेल. सारवल्यामुळे कामट्यांमधल्या फटी बुजत, बारीक धान्य गळत नसे आणि वस्तूचे आयुष्य वाढत असे. त्या कामाला कोणी कला म्हणत नव्हते, पण हळदीकुंकवाचे बोट उठवून सुपाची कड रंगवली जायची तेव्हा ती सजावटच असायची.

आता लगद्याविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण सगळे यश त्यावर अवलंबून आहे. वर्तमानपत्राचा कागद लवकर भिजतो, सहज कुटला जातो, पण त्याचे तंतू आखूड असतात आणि त्याच्यावर ऊन पडले की तो पिवळा पडतो. शाळेच्या जुन्या वह्यांचा कागद भिजायला जास्त वेळ घेतो, मात्र त्याचे तंतू अधिक चिवट असतात. म्हणून दोन्ही मिसळून घ्यावेत. गुळगुळीत चकचकीत मासिकांची पाने मात्र बाजूला ठेवावीत. त्यांच्यावर मातीसारखा लेप दिलेला असतो आणि पाणी त्यांच्यात नीट मुरत नाही. अंड्यांचे कागदी ट्रे मिळाले तर फारच उत्तम, कारण ते मुळात लगद्याचेच बनलेले असतात आणि काही तासांत मऊ होतात.

तंतूंची लांबी हा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले, आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली जे अनेक ग्रामोद्योग तेथे चालले त्यांत हातकागदही होता. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे आहे. चिंध्यांपासून केलेला हातकागद चिवट होतो तो कापसाच्या लांब तंतूंमुळे, आणि कापूस तर आपल्या दारात आहे. शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस, ज्याला धड भाव मिळत नाही, तो मूठभर घ्यावा, कात्रीने अगदी बारीक कापावा आणि लगद्यात मिसळावा. बारीक कापणे महत्त्वाचे आहे, नाहीतर त्याच्या गाठी होतात. वस्तू वाळताना हे धागे तिला धरून ठेवतात आणि भेगा कमी पडतात.

कागदाचे लहान तुकडे करून चार-पाच दिवस पाण्यात ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. बदलले नाही तर कुजका वास येतो आणि तो वस्तूत राहतो. नंतर पाणी काढून लगदा उखळात किंवा पाट्यावर असा कुटावा, की बोटांत चोळला असता कागदाचा तुकडा लागू नये. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी वाटावेत. मेथीत जो बुळबुळीत चिकट अंश असतो तोच येथे खळीचे काम करतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. माझे प्रमाण चार वाट्या पिळलेल्या लगद्याला एक वाटी मुलतानी माती आणि दोन मोठे चमचे वाटलेली मेथी असे आहे. माती वाढवली तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो हे खरे, पण माती वाळताना आकसते आणि तडकते, त्यामुळे गुळगुळीतपणाचा मोह सुरुवातीला आवरावा.

सूप आधी कोरड्या कुंच्याने झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. फडके कोरडे असेल तर कामट्या लगद्यातले पाणी शोषून घेतात आणि थर धरत नाही. मग आतून पातळ थर द्यावा, जाडी पोळीएवढीच ठेवावी, आणि तळहाताने दाबत जावे. बाहेरचा थर आतला पूर्ण वाळल्यावरच द्यावा.

आता वाळवण्याकडे येते, कारण विदर्भात नवशिक्यांचे बहुतेक काम येथेच बिघडते. माझी पहिली टोपली मी एप्रिलमध्ये टिनाच्या छपरावर ठेवली आणि दुपारपर्यंत तिला मधोमध भेग गेली. तेव्हा मला वाटले होते की लगदाच चुकला असावा. खरे कारण पुढे लक्षात आले: कडक उन्हात बाहेरचा थर झटकन वाळून आकसतो, आतला थर ओला असल्याने आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत वस्तू फाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा हे काम उन्हात करूच नये. कापसाची वेचणी संपल्यावर, म्हणजे नेमके उन्हाळ्यातच, तुम्हाला सवड मिळते हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या दिवसांत वस्तू संध्याकाळी लिंपावी, रात्रीच्या वाऱ्यावर ठेवावी, आणि दिवसा सावलीत ओलसर फडक्याखाली झाकावी. दोन-तीन दिवसांनी ती घट्ट झाली की मगच कोवळे ऊन दाखवावे. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. आषाढ-श्रावणात मात्र लगदा हातात घेऊ नये, कारण तो वाळण्याआधी त्याला बुरशी धरते.

सूप साधले की दुसरी वस्तू साच्यावर करावी. पुष्कळजणी त्यासाठी गंज, म्हणजे उभ्या काठाचे पातेले, उपडा घालतात आणि फसतात. गंजाच्या भिंती उभ्या असतात, लगदा वाळताना आकसून त्याला घट्ट आवळतो आणि सोडवताना तुटतो. त्याऐवजी घमेले घ्यावे, त्याच्या भिंती उतरत्या असतात. त्यावर जुन्या लुगड्याचे ओले फडके पसरून वर लगदा लिंपावा, आणि वस्तू अर्धवट वाळलेली, पण आकार धरून असतानाच फडक्यासकट अलगद उचलावी.

रंगाविषयी थोडक्यात सांगते. गेरू आणि चुना हे सुरुवातीला पुरेसे आहेत. गेरूचा रंग लोहाच्या खनिजाचा असल्याने उन्हाने उडत नाही. होळीच्या सुमारास पळस फुलतो, त्याची फुले उकळून सुंदर केशरी-पिवळा रंग निघतो, तोही जरूर लावून पाहावा, पण तो प्रकाशात फिका पडतो हे आधीच समजून घ्यावे. रंगात बाभळीचा डिंक विरघळवून घातला की तो हाताला लागत नाही. नक्षी वेगळी शोधण्याची गरज नाही. अंगणात रोज काढता ती ठिपक्यांची रांगोळी सुपाच्या कडेवर उतरवा.

एक खबरदारी मनापासून सांगते. वर्तमानपत्राच्या शाईमुळे या टोपलीत अन्न थेट ठेवू नये. भुलाबाईच्या गाण्यांनंतर खिरापत ओळखायला लावतात, तेव्हा ही टोपली फार शोभून दिसेल, पण खिरापत झाकणाच्या डब्यात घालून डबा टोपलीत ठेवावा. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या लाकडी नंदीची झूल, भिंतीवर लावायचे रंगीत सूप, वातींची टोपली, यांपैकी काहीही करता येईल.

आणि बांबूकाम? ते शिकायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी अवश्य शिकावे, पण पहिल्या महिन्यात नको. कामटी सोलण्यास धारदार कोयता आणि वर्षांचा सराव लागतो. तो बुरूड कुटुंबांकडे आहे. आठवडी बाजारात त्यांचे सूप, त्यांनी सांगितलेल्या भावात विकत घ्या, आणि सारवण आपण करा.

या बादलीत चार दिवसांपूर्वी भिजवलेला कागद आहे. तो कुटायला दोघीजणी पुढे या. बाकीच्यांनी आपापले सूप ओल्या फडक्याने पुसायला घ्या. आणि ज्यांनी आज सूप आणलेले नाही त्यांनी घरी जाऊन आजच वह्यांचा कागद भिजत घाला, म्हणजे पुढच्या मंगळवारी आपण त्यांच्या लगद्यापासून सुरुवात करू.