स्टेडियम नवं, शेजार जुना

(कोल्हापुरात फुटबॉलप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, पाल्हाळ तेवढा कमी केलाय.)

मंडळी, लिव्हरपूलमध्ये गुडिसन पार्क म्हणून एक मैदान आहे, एव्हर्टन क्लबचं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात चक्क चर्च आहे. शेजारी नाही हां, कोपऱ्यात. दोन स्टँड जिथे एकमेकांना भिडायला पाहिजेत तिथे मधेच सेंट ल्यूकचं चर्च घुसलंय, म्हणजे आपल्या शाहू स्टेडियमच्या कॉर्नर फ्लॅगमागे एखादं मारुतीचं देऊळ असावं आणि ते हलवायचं नाव कुणी काढू नये, तसं. रविवारची प्रार्थना असते म्हणून रविवारी लवकरची मॅच तिथे ठेवत नसत, आणि मॅचच्या आधी त्याच चर्चच्या हॉलमध्ये चहा मिळायचा, जुने फोटो मांडलेले असायचे, म्हातारी माणसं बसून १९६६ च्या गप्पा मारायची. १९६६ का, तर त्या वर्ल्डकपला पोर्तुगाल विरुद्ध उत्तर कोरिया हा सामना तिथे झाला, कोरिया ३-० पुढे, मग युसेबियोने एकट्याने चार मारले आणि शेवट ५-३.

हे मैदान १८९२ चं. २४ ऑगस्टला उघडलं. त्याआधी एव्हर्टन खेळायचं ॲनफिल्डवर, हो, आज लिव्हरपूल खेळतं त्याच ॲनफिल्डवर, पण मालकाशी भाड्यावरून वाजलं, एव्हर्टन तिथून उठलं आणि मालकाने रिकाम्या मैदानासाठी नवी टीम काढली, ती लिव्हरपूल. म्हणजे एवढी मोठी ईर्ष्या, मूळ काय तर भाडेकरूचं भांडण. आपल्याला हे समजायला अवघड नाही.

मला आज बोलायचंय ते मैदान नवं केलं की प्रेक्षकाचं काय होतं यावर. माझा धंदा बांधकामाचा, त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे माझ्या तोंडी येणार नाही, जुन्याला गळती किती असते मला माहितीय. गुडिसनमध्ये लोखंडी खांब होते प्रेक्षक आणि मैदानाच्या मधे. तिकिटावरच लिहिलेलं असायचं की दिसायला अडथळा आहे. लाकडी खुर्च्या, गुडघे पुढच्याच्या पाठीत, हाफटाइमला टॉयलेटची रांग एवढी की सेकंड हाफची पहिली दहा मिनिटं गेली समजा. हे खांब ठेवले आर्चिबाल्ड लीच नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने, शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधली निम्मी मोठी मैदानं त्याच्याच हातची म्हटलं तरी चालेल. वरच्या मजल्याच्या कठड्याला फुल्याफुल्यांची लोखंडी जाळी ही त्याची सही. खांब नकोत तर छप्पर मागून तोलून धरावं लागतं, त्याला स्टील जास्त लागतं, पैसा लागतो, आणि त्या काळी खांबच स्वस्त.

पण मैदानं नवी करायला कारण खांब नव्हते. कारण माणसं मेली हे होतं. ११ मे १९८५, ब्रॅडफर्ड. टीम लीग जिंकून वर गेलेली, ट्रॉफी मिळालेली, सणाचा दिवस, लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला आणि त्याला आग लागली, पाचेक मिनिटांत सगळा स्टँड पेटला, ५६ माणसं गेली. त्या स्टँडचं छप्पर सीझन संपल्यावर बदलायचंच होतं, पण सीझन संपायच्या दिवशीच आग लागली. जे मागच्या दारांकडे पळाले त्यातले बरेच मेले कारण दारं बंद होती, जे पुढे मैदानात उड्या टाकून गेले ते वाचले, कारण तिथे पुढे जाळी नव्हती. आणि चारच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरोला पुढे जाळी होती. बाहेर गर्दी झाली म्हणून पोलिसांनी मोठं गेट उघडलं, लोक सरळ समोरच्या बोगद्यातून आत गेले, तिथले मधले कप्पे आधीच भरलेले, त्यांना कुणी बाजूला वळवलं नाही. ९७ जण गेले, शेवटचा माणूस त्या दुखापतीनं २०२१ मध्ये. वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांवर टाकला, दारुडे म्हटलं, आणि २०१६ ला ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, १९९० चा. त्यातून निघालं की मोठ्या मैदानांत उभं राहून बघायच्या पायऱ्या, म्हणजे टेरेस, बंद, सगळ्यांना खुर्ची. आता एक गोष्ट सांगतो जी बरेच लोक विसरतात. टेलरने त्याच अहवालात म्हटलंय की खुर्च्या आल्या म्हणून गरीब प्रेक्षक बाहेर पडायला नको, जो आज उभा राहून बघतो त्याच्या खिशाला झेपेल असाही दर ठेवता येईल. उदाहरणही दिलं, ग्लासगोच्या आयब्रॉक्सला तेव्हा उभं राहायचं तिकीट ४ पौंड आणि बसायचं ६. क्लबांनी खुर्च्या तेवढ्या घेतल्या, पुढचं वाक्य सोडून दिलं. २०१६ ला लिव्हरपूल ॲनफिल्डचा मेन स्टँड वाढवत होतं, साडेआठ हजारच्या आसपास जादा खुर्च्या, आणि जाहीर केलं की सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड. मग फेब्रुवारीत सुंदरलँडशी मॅच होती, लिव्हरपूल २-० पुढे, ७७ वा मिनिट झाला आणि हजारो लोक उठून चालू लागले, घोषणा देत. रिकाम्या खुर्च्या बघून पोरांचे पायच गळाले की काय, मॅच सुटली २-२ ला! काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि ७७ चा दर मागे घेतला. मला ही मॅच कुठल्याही फायनलपेक्षा आवडते.

हे सगळं सांगायचं कारण, स्टेडियमचा नकाशा बनतो तेव्हा क्षमता मोजतात, पार्किंग मोजतात, बॉक्स मोजतात. बॉक्स म्हणजे काचेमागची खोली, जेवणासकट, कंपन्यांसाठी. नव्या स्टेडियमचा हिशेब बसतो तो तिथे, कारण थोड्या खुर्च्यांतून मोठा पैसा येतो. पण शेजार कोण मोजतो? तिथे सीझन तिकीट असतं, एकच खुर्ची वर्षानुवर्षं तुमची. पुढच्या रांगेतला टकल्या, उजवीकडची आजी जी रेफरीला अस्सल शिव्या घालते, मागचा बापलेक. यांची नावं तुम्हाला माहीत नसतात पण गोल झाला की पहिली मिठी त्यांनाच. मी शिकायला तिकडे होतो तेव्हा एका म्हाताऱ्याच्या शेजारी चार मॅच बसलो, पाचव्याला मी गेलो नाही तर सहाव्याला त्याने विचारलं, आजारी होतास का? घरमालकाने कधी विचारलं नाही हो.

नव्या स्टेडियममध्ये जाताना हा शेजार विस्कटतो. जागा निवडायला जुन्यातल्या जुन्याचा नंबर आधी लागतो, मग बाप खालच्या मजल्यावर आणि पोरगा वर, दर वेगळे म्हणून टकल्या तिसरीकडेच. वेस्ट हॅम क्लबचं घ्या. ११२ वर्षं अप्टन पार्कला खेळले, पूर्व लंडनमध्ये, ग्रीन स्ट्रीटच्या तोंडाशी. ग्रीन स्ट्रीट म्हणजे साडीची दुकानं, सोनार, मिठाई, आपल्या लोकांचा बाजार, आणि शनिवारी त्यातून क्लॅरेट-निळे शर्ट घातलेली गर्दी पाय खात जायची, एका बाजूला पाय म्हणजे खिमा भरलेली ती पेस्ट्री आणि दुसऱ्या बाजूला जिलेबी. मे २०१६ ला शेवटची मॅच, मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवलं. तिथून गेले ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये, ९९ वर्षांच्या भाडेकरारावर, आणि ते बांधलेलं ॲथलेटिक्ससाठी. सरकत्या खुर्च्या बसवल्या तरी गोलच्या मागचा माणूस गोलपासून लांबच. उभं राहून ओरडणारे आणि पोरांना घेऊन बसून बघणारे एकाच ब्लॉकमध्ये आले, भांडणं लागली, आणि २०१८ ला बर्नलीच्या मॅचला लोक मैदानात घुसले, मालकांच्या बॉक्सखाली जमून ओरडत होते. जुन्या मैदानाच्या जागी आता फ्लॅट आहेत.

लांब बसणं म्हणजे काय ते कोल्हापूरकराला मी काय शिकवणार. खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांनी ते असं बांधून घेतलं की मधे खोलगट हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, कुठूनही बसा, पैलवानाची पकड दिसते. आजचे स्टेडियमवाले याला सी-व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे तुमची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किती मिलिमीटर वरून जाते. ९० मिळाले तर बरं, ६० ला टोपीवाला पुढे आला की संपलं. ती वाढवायची तर पायऱ्या उभ्या कराव्या लागतात, पण साधारण ३४ अंशांच्या वर गेलं की माणूस गरगरतो, म्हणून तिथे थांबतात.

आता एव्हर्टनचं नवं. जागा शोधता शोधता वीस वर्षं गेली, तीन योजना बुडाल्या, शेवटी मर्सी नदीच्या काठी ब्रॅमली-मूर नावाची १८४८ ची गोदी मिळाली. समुद्रातली वाळू उपसून गोदी भरली. ही भर आणि किनाऱ्यावरची बाकीची बांधकामं धरून युनेस्कोने २०२१ ला शहराचं नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, हेही सांगायला पाहिजे. ५२ हजारांच्या वर माणसं बसतात, गुडिसनमध्ये शेवटी ३९ हजार बसायची. खरं तर १९४८ ला त्याच गुडिसनमध्ये ७८,२९९ माणसं उभी राहिली होती, पण ते कसे उभे होते विचारू नका. नव्यात घरच्या प्रेक्षकांचा साउथ स्टँड एकसंध, १३ हजारांचा, जेवढा चालेल तेवढा उभा. विटांच्या भिंतीत लीचच्या त्या फुल्या काढल्यात. पहिली लीग मॅच २४ ऑगस्ट २०२५, गुडिसन उघडलं तीच तारीख, १३३ वर्षांनी, ब्रायटनला २-० हरवलं. दिसतं छान, एकही खांब नाही. पण मॅच सुटल्यावर जवळचं स्टेशन एकच, सँडहिल्स, आणि तिथे रांग. गुडिसनच्या भोवती घरं होती, पब होते, लोक गल्लीगल्लीत पांगायचे. गोदीच्या एका बाजूला नदी आहे, तिकडे कोण पांगणार?

एक गोष्ट मात्र त्यांनी चांगली केली. गुडिसन पाडलं नाही. ठरलं होतं पाडायचं, मग २०२५ च्या मे मध्ये जाहीर केलं की क्लबची महिला टीम तिथे खेळणार. यात फुटबॉलच्या पलीकडचं एक आहे. त्या मैदानाच्या कडेला शेकडो प्रेक्षकांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. घरचे लोक रक्षा घेऊन यायचे, क्लब जागा द्यायचा, २००४ ला थांबवलं कारण जागाच उरली नाही. आपण नदीवर जातो, ते गोलपोस्टमागे गेले. डिक्सी डीन, एका सीझनमध्ये ६० गोल मारलेला, १९८० ला तिथेच लिव्हरपूलविरुद्धची मॅच बघताना गेला. अशा जागेवर फ्लॅट बांधायचे तर बिल्डरने ब्रोशरमध्ये काय लिहायचं?

आपल्याकडे स्टेडियम सुधारायची चर्चा निघाली की पहिली मागणी खुर्च्या आणि एलईडी. माझं म्हणणं उलट आहे. आधी दारं मोजा, बाहेर पडायला किती आणि मॅच चालू असताना कुलूप कुणाकडे. मग बायकांची टॉयलेट, मग पाणी. खुर्च्या शेवटी, आणि एका बाजूला तरी उभं राहू द्या, कारण पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या पेठांच्या टीम, आणि पाटाकडीलचा पोरगा दिलबहारविरुद्धच्या मॅचला नव्वद मिनिटं बसणार आहे असं ज्याला वाटतं त्याने मॅच बघितलेलीच नाही. इंग्लंडलाही हे पटायला २०२२ उजाडलं, आता रेलिंग लावलेल्या खुर्च्यांपाशी उभं राहायला परवानगी आहे. जर्मनीत डॉर्टमुंडला एकाच बाजूला २४ हजारांवर लोक उभे राहतात.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली, छप्पर टाकलं तर आवाज वाढतो का? वाढतो, छप्पर खाली आणि पुढे आलेलं पाहिजे, आवाज आपटून मैदानात परत येतो. उंच छपराचा उपयोग फक्त पावसाला. दुसरी, कॉलेजच्या मुलीची दिसतेय, आम्ही मॅचला आलो तर बसायचं कुठे? हा प्रश्न नकाशा काढायच्या आधी तुम्हालाच विचारायला पाहिजे, आणि आजवर कुणी विचारला असेल तर मला आश्चर्य वाटेल. तिसरी, सर तुमची पेठ कुठली? हे मी सांगणार नाही. गाडी मी लांब लावलीय आणि या हॉलला बाहेर पडायचं दार एकच आहे.