आधी चौकट, मग चित्र

(भुसावळच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख छायाचित्रकार अशी करून दिली. तसं काही नाही. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गात नकाशा उलटा टांगलेला दिसला की भूगोलाच्या मास्तरचं जे होतं, ते हल्ली माझं फोटो बघताना होतं. का, ते पुढे येईलच.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या स्लाइडी घरच्या कॅमेऱ्याने डिजिटल कशा कराव्यात'. खाली बारीक अक्षरात असंही होतं की येताना घरातली एक स्लाइड आणा. कोणी कोणी आणली? चार... पाच... काका, तुमच्या हातात आहे तो रेल्वेचा पास आहे. असू द्या, भुसावळात तो दाखवायची सवय असतेच. सहावी दुसऱ्या रांगेत, धोतरवाल्या बाबांकडे. छान, जपून धरा.

स्लाइड म्हणजे काय, हे इथल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. मराठीत तिला पारदर्शिका म्हणतात, पण हा शब्द बाजारात उच्चारलात तर लोक तुम्हाला साडीच्या दुकानात पाठवतील. मागे उभ्या असलेल्या पोरांसाठी सांगतो : दोन इंच बाय दोन इंचांची पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकची चौकट, मधे २४ बाय ३६ मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. त्यावर सरळ, रंगीत चित्र. निगेटिव्ह नव्हे. प्रोजेक्टरमध्ये घातली की भिंतभर दिसते. टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दुकानांच्या जाहिराती लागायच्या, त्या काचेच्या स्लाइडी तुम्हाला आठवत असतील. त्या उलट्या लागल्या की पब्लिक शिट्ट्या मारायचं. हे 'उलट्या लागल्या' लक्षात ठेवा.

आमचे नाना कृषी खात्यात विस्तार अधिकारी होते. सायकलच्या कॅरिअरला प्रोजेक्टर बांधायचा आणि रात्री चावडीसमोर पांढरं धोतर टांगून केळीवरचे रोग दाखवायचे. लोक रोग बघायला येत नसत. स्वतःचा फोटो बघायला येत. नानांना ते ठाऊक होतं, म्हणून दर चार रोगांमागे एक गावातला माणूस घुसवलेला असे. फिल्म बहुतेक पूर्व जर्मनीची ओर्वो, धुवायला टपालाने मुंबईला. अशा करता करता जवळजवळ साडेसहाशे स्लाइडी झाल्या. त्यात बहात्तरच्या दुष्काळाच्या साठेक आहेत. पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीसाठी लागलेली रांग, कोरडी नदी.

आणि प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर नानांनी बॉलपेनने लिहून ठेवलेलं. गाव, महिना, माणसाचं नाव आणि एखादा शेरा. एकीवर नुसतं 'हिचा नवरा सुरतेला गेला, परत नाही' एवढंच होतं. मला हे पाठ आहे, कारण आज ते कुठेच लिहिलेलं नाही.

नाना गेले तेव्हा मी एक शहाणपणा केला. डबे उचलले आणि एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओत स्कॅन करायला देऊन आलो. नाव सांगत नाही. एसी होता, काचेचं दार होतं, काउंटरवरची मुलगी 'सर, सर' करत होती. मास्तरला कोणी एका वाक्यात दोनदा सर म्हटलं की तो खिशात हात घालतो. मी घातला. दोन महिन्यांनी पार्सल आलं. आत एक सीडी, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत फिल्मचे सुटे तुकडे. शेंगदाणे बांधून द्यावेत तसे.

चौकटी नाहीत! फोन केला. ते म्हणाले, मशीनमध्ये चौकटीसकट नीट बसत नव्हत्या, म्हणून कापल्या. म्हटलं, कापल्या ते ठीक, गेल्या कुठे? तर म्हणे, "सर, ते तर पुठ्ठेच होते ना?"

मंडळी, या वाक्याला आता अकरा वर्षं झाली. शेजारच्या धुळ्यात इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. तो माणूस गावोगाव दप्तरं शोधत हिंडला. त्यांच्या हातात कोणी एखादं पत्र ठेवलं असतं आणि 'वरची तारीख आणि खालची सही जरा मळकी होती, म्हणून कापून टाकली' असं सांगितलं असतं, तर राजवाड्यांनी काय केलं असतं? त्यांचा स्वभाव ज्यांना वाचून माहीत आहे, ते हसतायत. मी फक्त फोन ठेवला.

बरं, सीडीवरचे फोटो तरी? रुंदी सतराशे पिक्सेल. म्हणजे चांगल्या छपाईत पोस्टकार्डाएवढा फोटो निघेल, फार तर थोडा मोठा. ते सोसलं असतं. पण दिवाळीला आमची थोरली आत्या आली, तेव्हा मी हौसेने ते फोटो टीव्हीवर लावले. वय शहाऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मळ्यातला फोटो आला. सगळ्या आत्या ओळीने उभ्या, मागे विहीर. आत्या म्हणाली, "भाऊ, हाऊ फोटू उल्टा शे." मी म्हटलं, आत्या, डोके वर आणि पाय खालीच आहेत. तर म्हणे, "आपली हीर उगवतीले व्हती. आठे मावळतीले कशी गयी?" मग मला पदर दिसले. सगळ्या जणींचे पदर उजव्या खांद्यावर! आख्खा खान्देश तापीबरोबर वाहत गुजरातेत गेलेला. पुढच्या फोटोत एसटीच्या पाटीवरचं गावाचं नाव उलटं. सहाशे चाळीसपैकी दोनशे अकरा फोटो आरशातले निघाले, आणि भूगोलाच्या मास्तरला हे एका अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीने दाखवून दिलं.

त्या दिवशी ठरवलं, पुन्हा सगळं घरी करायचं. आत्याला शेजारी बसवून.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण ती या गावाची आहे. इथे भुसावळात मेजर रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रजाची कबर आहे. हा मद्रास फौजेतला माणूस १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती करत बसला. वर्षानुवर्षं, लेण्यातल्या अंधारात. आपण ज्याला आज डिजिटल करणं म्हणतो, तेच काम, फक्त ब्रशने. पुढे तो फोटोही काढू लागला. त्या प्रती लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली. मोजक्या चार-दोन सोडून सगळ्या गेल्या. गिल पुन्हा कामाला लागला आणि १८७९ मध्ये वारला. त्याच सुमाराला मुंबईच्या जे. जे. या चित्रकलेच्या शाळेतल्या ग्रिफिथ्स साहेबाने तिथली मुलं घेऊन नव्या प्रती करायला घेतल्या होत्या. त्याही लंडनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग! त्यातल्या कित्येक जळाल्या. दोन वेळा आग, आणि प्रत्येक वेळी त्या वेळच्या प्रती एकाच जागी ठेवलेल्या. भिंतीवरची मूळ चित्रं मात्र अजून लेण्यात आहेत. आपल्याकडे सगळे फोटो एका हार्डडिस्कवर टाकून ती डिस्क टीव्हीखालच्या खणात ठेवणारे जे आहेत, त्यांनी कधीतरी त्या कबरीपाशी जाऊन यावं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मला वाटलं होतं अजून अर्धा तास आहे. रेल्वेच्या गावात वेळापत्रक पाळण्याची सक्ती फक्त वक्त्याला का असते, कळत नाही. असो. आता भराभर. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

कॅमेरा कुठलाही चालेल, लेन्स निघणारा हवा. चोवीस मेगापिक्सेलचा असेल तर रुंदीला सहा हजार पिक्सेल मिळतात, म्हणजे त्या सीडीच्या साडेतीन पट. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्या आणि कॅमेरा न् लेन्सच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे नुसती पोकळ नळी लावा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला साधारण तेहेतीस मिलिमीटर लागतात. बाजारातल्या संचातली बाराची आणि वीसची नळी जोडली की काम झालं. फुल फ्रेम, म्हणजे स्लाइडमधल्या फिल्मएवढाच सेन्सर असेल तर पन्नास मिलिमीटर लागतील.

उजेडासाठी एलईडी पॅनल, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा अंक, पंच्याण्णवच्या पुढचा. त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक, आणि स्लाइड त्याच्यापासून दोन-तीन बोटं वर. मोबाइलच्या स्क्रीनवर स्लाइड ठेवू नका, पिक्सेलची जाळी फोटोत उतरते. स्लाइडच्या भोवती काळ्या पुठ्ठ्याची खिडकी करा, खोलीतला दिवा घालवा. कॅमेरा स्टँडवर, तोंड खाली. स्लाइडशी समांतर आहे की नाही हे बघायला स्लाइडच्या जागी आरसा ठेवा. लेन्सला स्वतःचं तोंड बरोबर मधोमध दिसलं की जमलं.

लेन्सचं छिद्र एफ/८, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदना १००, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न बदललेली कच्ची. दोन सेकंदांचा टायमर. पंखा बंद, मे महिना असला तरी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, नुसत्या दिव्यावर एकदाच बसवा. एक्स्पोजर बघताना उजळ भाग जळू देऊ नका. स्लाइडमध्ये गेलेला पांढरा परत येत नाही, काळोखातून मात्र रॉ फाइल बरंच काही काढते. फोकस स्क्रीनवर मोठं करून फिल्मच्या दाण्यावर.

बाजू! फिल्मची एक बाजू चकाकते, एक निस्तेज असते. चकाकणारी कॅमेऱ्याकडे. एवढं त्या स्टुडिओने केलं असतं तर आमची विहीर जागेवर राहिली असती.

रंगांबद्दल अर्धं मिनिट. नानांच्या स्लाइडी धाब्याच्या घरात होत्या तोवर बऱ्या होत्या. मातीच्या छताखाली उन्हाळ्यातही गारवा. मग आम्ही स्लॅबचं घर बांधलं आणि डबे माळ्यावर गेले. जळगाव जिल्ह्याचा मे, वर तापलेला स्लॅब. दहा वर्षांत आकाश लालसर झालं. माझ्या मावसभावाने अमेरिकेतून आणलेल्या कोडॅक्रोमच्या चार स्लाइडी त्याच माळ्यावर होत्या, त्या अजून कालच्यासारख्या आहेत. कोडॅक्रोममध्ये रंग फिल्मबरोबर येत नाहीत, धुताना भरले जातात, म्हणून अंधारात ते टिकतात. प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र तीच लवकर फिकी पडते. ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली, आणि धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, तिनेही २०१० च्या अखेरीला रोल घेणं थांबवलं. उडालेले रंग कॉम्प्युटरवर पुष्कळसे परत आणता येतात, पण आधी मूळ रॉ जसाच्या तसा ठेवा, खेळ त्याच्या प्रतीवर करा.

आणि मुख्य सांगायचं ते, ज्याच्यासाठी मी आलो. प्रत्येक स्लाइडचे दोन फोटो. आधी चौकट, वरून उजेड टाकून, अक्षर वाचता येईल असा. मग चित्र. लागोपाठ, क्रम मोडायचा नाही. चौकट कोरी असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते काय सांगतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फाइलला तोच नंबर द्या. आत्याने माझ्या कोऱ्या तुकड्यांपैकी दोनशे तीस ओळखून दिले. 'नवरा सुरतेला गेला' तीही. म्हणाली, आला होता तो परत, सात वर्षांनी. नानांना कोणी सांगितलंच नाही.

दुसरी चिठ्ठी. ही नुसती घंटेचं चित्र काढलेली आहे.

साफसफाई राहिली. आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश. स्कॅनरला धूळ ओळखणारा इन्फ्रारेड असतो, कॅमेऱ्याला नसतो, तेव्हा धूळ आधीच काढायची. बुरशी असेल तर पाणी लावायचं नाही, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र फडक्याबरोबर येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्याण्णव टक्के, तेही कोपऱ्यात आधी करून... बाबा! दुसऱ्या रांगेत! सोग्याने नका पुसू, बाबा. आणि थुंकी तर अजिबात लावू नका. अहो, कोणीतरी घ्या ती त्यांच्या हातातून...