वल्ह्यावरच्या माणसांचा इतिहास

मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली होडी कुरटे बेटाकडे निघते तेव्हा समोर सिंधुदुर्गाचा तट दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. तो बुरुजांच्या वळणाआड असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत नवख्याला वाट सापडू नये. 25 नोव्हेंबर 1664 रोजी या किल्ल्याच्या कामाला आरंभ झाला, भूमिपूजन किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी झाले आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले, एवढे इतिहासाची पुस्तके सांगतात. पण भरती-ओहोटी सांभाळत ते दगड होडीतून उतरवणारा गडी संध्याकाळी घरी जाऊन काय बोलला असेल, हे कोणत्याही कागदात नाही. ऐतिहासिक कादंबरीची गोडी नेमकी तिथून सुरू होते.

दरवाज्याजवळच्या लहान घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, आणि ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. पुढे श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूळ मूर्तीला दाढी नाही. डोक्यावर नावाड्याची असावी तशी टोपी आहे. घोड्यावरच्या महाराजांची सवय झालेले डोळे येथे थबकतात आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या राजाला कोणत्या रूपात पाहिले असेल, याचा विचार मनात सुरू होतो. चांगला कादंबरीकार वाचकाला असेच थबकवतो.

आता विजयदुर्गाच्या तटावरून खाडीकडे पाहू. आंग्र्यांच्या आरमारातील गुराबांच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) तोफा असत आणि त्यांच्यासोबत चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते चालत. वारा पडला आणि शत्रूचे मोठे जहाज जागीच अडकले, की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत, त्या जहाजाच्या पिछाडीला आणून उभी करत आणि मग तोफा डागल्या जात. ही युद्धरीत इतिहासकार नेमकेपणाने मांडतो, आणि ते काम त्याचेच आहे. परंतु दोर ताणला गेल्यावर वल्हेकऱ्याच्या तळहाताची आग, डोक्यावरचे ऊन, तांडेलाची (खलाशांच्या म्होरक्याची) हाळी आणि पहिला बार उडेपर्यंतची धाकधूक वाचकाच्या अंगावर आणायची, तर कल्पनेला त्याच गलबतात बसावे लागते. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात याच बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी 1871 च्या 'मोचनगड'पासून लिहिली जात आहे. तिने आपल्याला गड, दरबार, घाट आणि घोड्यांच्या टापा भरभरून दिल्या, त्याबद्दल वाचक म्हणून कृतज्ञता आहेच. पण खलाशी, सुतार, गोलंदाज आणि कोळी यांच्या वाट्याला तिची फारच थोडी पाने आली, असे आम्हाला मनापासून वाटते. कादंबरीतला प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे, हे भान वाचकाने अर्थातच ठेवावे.

मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी करणारे हात पाहा. आरमाराची कादंबरी लिहू पाहणाऱ्याने दफ्तरे चाळावीतच, पण त्यासोबत येथील जाणत्या तांडेलाजवळ बसून वारा कधी फिरतो, खडक कुठे दडलेले आहेत आणि भरलेली होडी लाटेवर कशी घ्यायची, हेही शिकून घ्यावे.