घड्याळ मागं आहे

श्रोतेहो, नमस्कार.

घरात किंवा दुकानात कॉम्प्युटर असेल तर एक वाक्य तुमच्या कानावरून नक्की गेलं असेल. "फॉरमॅट मारावं लागेल." मशीन हळू चालायलंय, फॉरमॅट मारा. प्रिंट निघेना, फॉरमॅट मारा. परभणीत मी वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. आज तुम्हाला हात जोडून एकच सांगायचंय: फॉरमॅटच्या आधी पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा. पुन्हा सांगतो, पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी वाचा. फॉरमॅट म्हणजे मशीन पुसून सगळं नव्यानं टाकणं. त्यात डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो जातात, हिशेब जातो, आणि बिघाड कित्येकदा जागच्या जागी राहतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. काही वर्षं झाली. तारीख 31 जुलै. ऐकणारे शेतकरी असतील त्यांना कळलंच असेल, खरिपाच्या पीक विम्याचा शेवटचा दिवस. गावात एक पोरगा ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. दुपारी बारा वाजता त्याचा फोन आला. "सर, सकाळधरनं साईट उघडायलीच नाही. तीस-पस्तीस माणसं येऊन बसलेत. फॉरमॅट मारू का?" आवाज रडवेला.

म्हटलं, थांब. आधी तुझ्या मोबाईलवर तीच साईट उघड. उघडली. आता त्याच मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला दे. दिलं, तर कॉम्प्युटरवर नाहीच. म्हणजे नेट चांगलं, साईट चांगली, दुखणं त्याच्या मशीनमध्ये. हे फोनवरच कळलं. पण स्कॅनर, प्रिंटर सगळं त्या मशीनला जोडलेलं. मोबाईलवर एकेक फॉर्म भरत बसला असता तर रात्र पुरली नसती. मी मोटारसायकल काढली आणि झरी, बोरी करत निघालो.

दुकानापुढं माणसं खताच्या रिकाम्या गोण्या अंथरून बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत सातबारा, आधारची झेरॉक्स, पासबुक. आणि दाराच्या कडेला पांढऱ्या पटक्यातले एक म्हातारे बाबा. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच बाबा म्हणाले, "साहेब, मी ह्या लेकराला सकाळधरनं सांगायलो, ह्याची तारीख चुकायली. जानेवारी दाखवायलंय. जानेवारीत कुठं सोयाबीन असतंय? पण माझं कुणी ऐकंना."

मी उजवीकडं खालच्या कोपऱ्यात बघितलं. 1 जानेवारी 2012.

साईट उघडून बघितली. लाल खूण आली आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत वाक्य आलं. त्याचा अर्थ एवढाच होता: तुमचं घड्याळ मागं आहे. मशीन सकाळपासून आपलं दुखणं स्वतः सांगत होतं, श्रोतेहो. बाबा तेच सांगत होते. पोरगं लाल खूण दिसली की खिडकी बंद करायचं आणि पुन्हा उघडायचं.

त्या पोराला मी दोष देणार नाही. इंग्रजी दिसलं की आपली नजर घसरते. आपल्या शाळांत लेकरांकडून मॉनिटर, माऊस, कीबोर्ड एवढं पाठ करून घेतात. त्याऐवजी एक तास नुसते असले संदेश वाचून अर्थ लावायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. आणि विंडोज, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, मराठीतसुद्धा चालतं, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी मिळते. आपल्याच घरातलं मशीन आपल्या भाषेत का बोलू नये?

असो. मी तारीख बरोबर केली, साईट लगेच उघडली. बाबांना म्हटलं, या, तुमचा पहिला. ते म्हणाले, "आधी बाया-माणसांचं करा, त्यांना भाकरी टाकायला जायचंय." तीन फॉर्म गेले आणि लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. मशीन चालू केलं, तर दारातून बाबांचा आवाज, "आली बघा परत जानेवारी."

आता कारण कळलं. मशीनच्या पोटात, मुख्य बोर्डावर, रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. लाईट नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो बसला होता. नवा सेल गावात कुठं मिळणार? जिंतूरला जाऊन यायचं तर तास-दीड तास मोडणार. मी मोठ्यानं विचारलं, गावात रिमोटच्या किल्लीची गाडी कुणाची आहे? बी-बियाण्याच्या दुकानदाराची निघाली. त्या भल्या माणसानं किल्ली आणून हातावर ठेवली. उघडली, आत तोच सेल. "घ्या," म्हणाले, "दार मी किल्लीनं उघडतो." सेल बसवला, तारीख घातली. रात्री आणखी दोनदा लाईट गेली, पण तारीख हलली नाही. शेवटचा फॉर्म पावणेबाराला गेला. दुकानदाराला नवा सेल मी दुसऱ्या दिवशी पोचवला.

तर त्या सेलचं नाव लिहून घ्या. सी आर 2032. पुन्हा सांगतो, सी आर 2032. पहिले 20 म्हणजे 20 मिलिमीटर रुंदी, पुढचे 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. 3 व्होल्टचा असतो. पिनेला वीज असते तोवर या सेलवर फारसा भार पडत नाही. पण लाईट ये-जा करते आणि काम झालं की आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करतो, म्हणून आपल्याकडं हा लवकर उतरतो. बदलताना पिन भिंतीतून काढा, डब्याच्या धातूला एकदा हात लावा, चिमटा नखानं बाजूला करा आणि अक्षरं वर राहतील असा सेल बसवा.

तारखेचा आणि साईटचा काय संबंध? पुढच्या महिन्याची तारीख घातलेला चेक बँक आज घेत नाही. तसंच प्रत्येक साईटला एक प्रमाणपत्र असतं, या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचं. तुमचं मशीन 2012 सालात बसलं असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणून ते दार लावून घेतं.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भरभर सांगतो. मशीन वीस मिनिटं चालून आपोआप बंद पडत असेल तर आतला पंखा बघा. आपला उन्हाळा आणि आपली धूळ. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचं तूससुद्धा. ब्रशनं साफ करा, ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. चालू करताच टू-टू वाजत असेल आणि पडदा काळा राहत असेल, तर रॅमची, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या आठवणीची, पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं हलक्या हातानं पुसा. मशीन हळू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कोणता प्रोग्रॅम मशीनची किती ताकद खातोय ते दिसतं.

आणि अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवणारी जोडणी. याबद्दल मला मनापासून तळमळ आहे. सीपीयूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "चालायचंच" म्हणू नका, वायरमनला बोलवा. तीन पिनांमधली मोठी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे लोक मी रोज बघतो. त्या घरात लेकरं असतात हो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मे महिन्यात त्यात दर आठवड्याला घागरभर पाणी ओता.

विंडोज 10 ला नेहमीचे अपडेट मिळायची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, त्याचं काय करायचं हे बरेच जण विचारतात. ते पुढच्या भेटीत सविस्तर सांगेन. तोवर फोटोंची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून कपाटात ठेवा.

नमस्कार.