अमोनियाचा दाब आणि 1.6 मिलिअँपिअरचा हिशेब

(दृश्य: नाशिकजवळचं द्राक्षांचं शीतगृह. मशीन रूम, चालू कॉम्प्रेसर.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या खोल्या निर्यातीच्या द्राक्षांनी भरतात. आत तापमान हवं शून्याच्या आसपास. फार खाली गेलं तर मणीच गोठायचे. पण कॉम्प्रेसरवर किती लोड घ्यायचा, हे कंट्रोल पॅनल सहसा खोलीचा थर्मामीटर पाहून ठरवत नाही. ते बघतं सक्शन लाइनवरचा, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये वायू ओढून नेणाऱ्या पाइपावरचा, हा अंगठ्याएवढा प्रेशर सेन्सर.

इथे थंडावा आणतो तो अमोनिया. खोलीतल्या कॉइलमध्ये तो उकळत असतो तेव्हा दाब आणि तापमान यांची जोडी पक्की असते. उणे 5 अंशांना गेजवर (बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरून) साधारण 2.5 बार, उणे 10 अंशांना 1.9. दाब कळला की कॉइलमधलं तापमान कळलंच.

(दृश्य: उभा कापलेला सेन्सर, अगदी जवळून.)

पुढे स्टेनलेस स्टीलचा पातळ पडदा. पितळ इथे चालत नाही, अमोनिया ते खातो. पडद्यामागे तेल, तेलात सिलिकॉनची चिप, चिपवर चार रेझिस्टर. दाब वाढला की चिप किंचित लवते, रेझिस्टन्स बदलतो, हाती येतात मोजके मिलिव्होल्ट. आतलं सर्किट त्याचे 4 ते 20 मिलिअँपिअर करतं. सुरुवात 4 पासून, कारण तार तुटली तर करंट शून्यावर येतो आणि पॅनलला लगेच समजतं.

उणे 1 ते 9 बारचा सेन्सर असेल तर दर बारला 1.6 मिलिअँपिअर. 2.5 बार म्हणजे उणे 1 पासून 3.5 बार वर, त्याचे 5.6 अधिक सुरुवातीचे 4, एकूण 9.6. मीटर सिरीजमध्ये लावून पडताळता येतं.

घोळ होतो तो सेन्सर बदलताना. दुकानात मिळाला म्हणून 0 ते 25 बारचा बसवला, पॅनलमधली रेंज मात्र जुनीच. आता 2.5 बारला करंट येतो 5.6, आणि पॅनल वाचतं शून्य बार, म्हणजे उणे 33 अंश! लोड उतरतो, नाहीतर मशीन लो प्रेशरवर बंद पडतं. इकडे खोली तापत राहते. सेन्सर बिचारा बरोबरच असतो.

(दृश्य: आडवा पाइप, वरच्या बाजूला उभा बसवलेला सेन्सर.)

पाइपाच्या पोटाला सेन्सर लावू नये, तिथे तेल साचतं. सक्शनकडे कनेक्टरवर बर्फ धरतो. सील ढिलं असलं की पाणी आत शिरतं आणि रीडिंग भरकटतं.

डिस्चार्जकडे, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेला वायू बाहेर पडतो त्या बाजूला, दाब चढा दिसला तर लगेच सेन्सर काढायला धावू नका. कॉम्प्रेसर बंद ठेवून कंडेन्सरचं (जिथे पाण्याने थंड होऊन अमोनियाचा पुन्हा द्रव होतो) पाणी फिरू द्या. येणारं-जाणारं पाणी सारखंच, समजा 30 अंशांवर आलं, की दाब 10.7 बारच्या आसपास स्थिरावायला हवा. शेजारचा साधा गेजही 12 म्हणत असेल, तर कंडेन्सरमध्ये हवा अडकली आहे.