माझ्याबरोबर जागे राहा

(दृश्य : नवापूर स्थानक, मग रुळांलगतचे पाडे)

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी नवापूरला महाराष्ट्रात शिरते. हे स्थानकच दोन राज्यांत वाटलं गेलंय. पुढे चिंचपाडा, मग नंदुरबार. या पट्ट्यात पाड्यापाड्यांवर मावची आणि भिल्ल या आदिवासी कुटुंबांच्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याच सुमारास पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या परदेशी ख्रिस्ती संस्थेचं काम सुरू झालं. त्या काळच्या विश्वासणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं आज इथल्या छोट्या चर्चमध्ये बसतात.

या मंडळ्यांमधलं माणूस अंथरुणाला खिळतं, आणि मग एक दिवस जातं, तेव्हा काय घडतं, ते आज पाहू.

(दृश्य : दफनभूमी, खोदकाम)

कबर खोदायला इथं पगारी माणूस नसतो. निरोप पोचला की मंडळीतली तरुण पोरं टिकाव, फावडं, घमेलं घेऊन निघतात. उन्हाळ्यात मुरूम इतका कडक होतो की टिकाव उसळून परत येतो. पावसाळ्यात उलटं. नवापूरकडे पाऊस बाकीच्या खानदेशापेक्षा जास्त, त्यामुळे खणता खणताच खड्ड्यात पाणी साचतं. एक जण घमेल्यानं उपसतो, दुसरा कड ढासळू नये म्हणून फळी दाबून धरतो. डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला येतील अशी कबर काढायची, ही ख्रिस्ती जगातली फार जुनी रीत. पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचं तोंड उगवतीकडे असावं, हा त्यामागचा भाव.

दोरांवर पेटी खाली उतरते. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणतात, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. जो तो मूठभर माती टाकतो आणि गीत सुरू होतं. रडणं थांबलेलं नसतं. गीत आणि रडणं जोडीनंच चालतं, आणि ते तसंच चालायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कारण दुःखाच्या घरी जाऊन 'विश्वासणाऱ्यानं रडू नये' असं सांगणारेही भेटतात. त्यांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाचावा. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. बहीण मार्था येशूला तोंडावर सांगते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्यावर तो म्हणतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." आणि थोड्याच वेळात तिथं दोन शब्दांचं वाक्य येतं : "येशू रडला." आपण लाजराला कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार आहोत, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. प्रेषित पौल तर आपल्या पत्रात मृत्यूला सरळ शत्रू म्हणतो, नाहीसा केला जाणारा शेवटला शत्रू. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो लिहीत नाही.

(दृश्य : घराची ओसरी, खाट, उशाशी औषधं)

या भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. तो आईबापांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. तो ठणका ज्यानं पाहिलाय, तो दुखण्यावर सोपं प्रवचन देणार नाही. अशा वेळी लोक प्रार्थना करतात आणि हॉस्पिटलही गाठतात. चिंचपाड्याचं जुनं मिशन हॉस्पिटल याच परिसरात आहे. दोन्ही बरोबरच. पण आजार हटला नाही की कुणीतरी हळूच पुटपुटतं, विश्वास कमी पडला असेल. हे बोलणं क्रूर आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा राहिला. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

वेदना सोसत राहणं म्हणजे भक्ती नव्हे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी आधी परिचारिका म्हणून, मग डॉक्टर होऊन मरणाऱ्या माणसांची वेदना समजून घेतली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या आजारातल्या माणसांसाठीचं शुश्रूषागृह सुरू केलं. आजच्या उपशामक सेवेचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेचा, पाया तिथं घातला गेला. दुखणं अंगाचं असतं, तसंच मनाचं, घरादाराच्या काळजीचं आणि आत्म्याचंही असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, आणि या कामामागे त्यांनी येशूचे गेथशेमाने बागेतले शब्द ठेवले होते : "माझ्याबरोबर जागे राहा." वधस्तंभाच्या आदल्या रात्री त्यानं मित्रांकडे एवढंच मागितलं होतं.

आपल्याकडे अमली पदार्थांच्या कडक कायद्यामुळे मॉर्फिनसारखी तीव्र वेदनेवरची औषधं रुग्णापर्यंत पोचणं कठीण झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट थोडी मोकळी झाली. म्हणून घरात कुणाला असह्य वेदना असतील तर डॉक्टरांना वेदनाशमनाबद्दल स्पष्ट विचारा. त्यात विश्वासाला कुठलाही कमीपणा नाही.

खानदेशातल्या मंडळ्यांना हे जागं राहणं शिकवावं लागत नाही. संध्याकाळी शेजारपाजारच्या बाया येतात. "कसं शे आते, माय?" म्हणत खाटेच्या कडेला टेकतात, पाय चेपतात. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र कुणीतरी तोंडपाठ म्हणतं. चर्चपर्यंत जाता येत नसेल तर पाळक प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घरी आणतात. भाकरीचा इवलासा तुकडा द्राक्षरसात भिजवून चमच्यानं ओठांशी नेतात. गिळवत नसेल तर नुसते ओठ ओले करतात.

(दृश्य : ईस्टरची पहाट)

ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीच्या आसपास परततात. त्यामुळे ईस्टरला, येशू कबरेतून उठल्याच्या सणाला, गाव भरलेलं असतं. त्या पहाटे अनेक मंडळ्या उपासनेसाठी दफनभूमीतच जमतात. रिकाम्या कबरेची बातमी भरलेल्या कबरांमध्ये उभं राहून वाचायची, याला धीर लागतो. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेला आणि जिवंत परत न आलेला मुलगाही तिथंच कुठं निजलेला असतो. त्याच्या कबरेशी त्याची आई गाते, मध्येच थांबते, पुन्हा सूर धरते.

एक काम मात्र आपल्या घरांत राहून जातं. आजारी माणसाशी आपण शेवटपर्यंत 'बरं होशील' एवढंच बोलतो. त्याला कळलेलं असतं, आपल्यालाही कळलेलं असतं. तो बोलू शकतोय तोवर विचारून घ्या. कुणाला भेटायचंय, कुणाशी अबोला मिटवायचाय. शेताच्या कागदांवर सह्या राहिल्यात का, कुणाचे पैसे द्यायचे आहेत का. दफनाच्या वेळी कोणतं गीत हवं. हॉस्पिटलात न्यायचं की घरीच राहायचं. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळेल. पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्या, दार लोटा, खाटेजवळ बसा आणि विचारा.