आकडा ०.६

पिवळ्या झाकणाच्या या नळीत एका स्त्रीचं जेमतेम चार मिलिलिटर रक्त आहे. अर्धा तास ते असंच उभं राहील, साकळेल. मग हे यंत्र त्याला गरगर फिरवेल. गुठळी तळाला बसते आणि वर उरतो हा फिकट पिवळा द्रव, सीरम. जे मोजायचं ते यातच आहे: एएमएच, म्हणजे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन.

त्याचं माप दर मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असतं. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक. इतकं सूक्ष्म काही पकडायचं तर प्रतिपिंडांची जोडी लागते. एक प्रतिपिंड हॉर्मोनच्या रेणूला धरून ठेवतं, दुसरं त्याच रेणूला दुसऱ्या बाजूनं चिकटतं, आणि त्याच्या अंगावरच्या रसायनातून प्रकाश निघतो. यंत्र तो प्रकाश मोजतं. जितका प्रकाश जास्त, तितकं हॉर्मोन जास्त.

कागदावर छापून आलं: ०.६.

हा आकडा कुठून आला, ते सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतं. करड्या ओव्हरीतले हे काळे गोल म्हणजे फॉलिकल. प्रत्येकात एक कच्चं स्त्रीबीज, आणि त्याच्याभोवतीच्या पेशी एएमएच बनवतात. गोल कमी, तर हॉर्मोन कमी. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती सुमारे ४००. पाळीच्या दर चक्रात बहुधा एकच. पडद्यावर गोल पाच असोत की पंधरा, आपसूक दिवस राहायला तेवढं एक पुरतं.

२०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया होत्या, मूल व्हावं म्हणून नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांमध्ये सहा चक्रांत गर्भधारणेची शक्यता ६५ टक्के निघाली. बाकीच्यांमध्ये ६२. पाळीच्या सुरुवातीला तपासतात त्या एफएसएचनंही, म्हणजे फॉलिकल वाढवणाऱ्या हॉर्मोननंही, वेगळं काही सांगितलं नाही.

त्या स्त्रियांना वंध्यत्वाचा त्रास नव्हता, हे इथेच सांगायला हवं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर कारण शोधावंच लागतं. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. पण बंद गर्भनलिका या नळीत दिसत नाही. पुरुषाचे शुक्राणू दिसत नाहीत. बीजाचा दर्जाही नाही; तो वयाबरोबर उतरतो, आणि एएमएच फक्त साठ्याचा अंदाज देतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करण्याच्या उपचारात, इंजेक्शनांनी किती बीजं हाती लागतील, हे ठरवायला ही तपासणी खरोखर मोलाची आहे. तिचं काम तेच.

तरी या एका आकड्यावरून घाईनं उपचार ठरतात, दुसरीचं बीज घ्यायचा सल्ला मिळतो, घरात दोष कुणाचा तेही ठरून जातं.

[दृश्य: ती बाकावर बसून रिपोर्टची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. निवेदन नाही. खोलीतला आवाज तसाच ठेवावा.]

शेजारच्या खोलीत तिच्या नवऱ्याच्या वीर्याचा नमुना तपासला जातोय. लग्नाला चार वर्षं झाली. ही तपासणी पहिलीच.